एकशे बाराव्या नोंदीची सही

माझा दादा मला ‘चौकशी खातं’ म्हणतो. मी शिवणकाम करते. कुणी पँटची कंबर सैल करायला आणली, की ती घट्ट का झाली हे विचारल्याशिवाय माझा हात कातरीकडे जात नाही. एका बाईंच्या कोटाच्या डाव्याच खिशाला दर दोन महिन्यांनी भोक का पडतं, याचा छडा लावायला मी त्यांच्या ऑफिसपर्यंत जाऊन आले होते. (चाव्यांचा जुडगा होता. सतरा चाव्या, त्यातल्या चौदा कशाच्या हे बाईंनाही माहीत नव्हतं.) तेव्हा माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर नवरा-बायको आठ दिवस एकमेकांशी मिठाचा डबा मागण्यापुरतंच बोलत असताना मी गप्प बसेन, अशी अपेक्षा कुणी करू नये.

दादा आणि वहिनी दोघंही विमानं दुरुस्त करतात. हँगर एकच, पाळी बहुतेक वेळा एकच. फरक एवढाच की वहिनीकडे लायसन्स आहे आणि दादाकडे नाही. हे ‘एवढाच’ केवढं मोठं आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. विमानाचं चाक दादा काढतो, दादाच बसवतो. पण ‘हे विमान उडायला योग्य आहे’ असं लिहून खाली सही करायचा अधिकार लायसन्सवाल्याचा. दादा एकवीस वर्षं काम करतोय आणि एकवीस वर्षं त्याच्या कामाखाली दुसऱ्याची सही आहे. गेली नऊ वर्षं त्यातल्या बऱ्याच सह्या त्याच्या बायकोच्या. ती वयानं त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, नोकरीत दहा वर्षं मागून आलेली, आणि परीक्षा मात्र पटापट देऊन मोकळी झालेली. चारचौघांत दादा म्हणायचा, “आमच्याकडे घरातही हिची सही लागते आणि कामावरही.” लोक हसायचे. तोही हसायचा, पण सगळ्यांच्या आधी थांबायचा. हे मी पाहिलंय.

पस्तिशी उलटल्यावर शेवटी त्यानं मनावर घेतलं. तेरा पेपर. दिवसा हँगर, संध्याकाळी पुस्तकं. दोन पेपरांत दोनदा आपटला, एकदा ऐन परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणला, तरी रडतखडत तेराही काढले. पेपर झाले म्हणजे झालं असं मला वाटलं होतं. तसं नसतं. बरोबर अनुभवाचं लॉगबुक द्यावं लागतं. तुम्ही विमानावर काय काय काम केलं त्याची एकेक नोंद, आणि प्रत्येक नोंदीपुढच्या चौकोनात एका लायसन्सवाल्याची सही, की हे काम या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत केलं. विमानाच्या प्रत्येक भागाला किती कामं हवीत तेही ठरलेलं. आणि वर आणखी एक मेख. तेराही पेपर अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांतले हवेत. त्याहून जुना पेपर शिळा. तो पुन्हा द्यायचा.

दादाचे पहिले दोन पेपर, गणित आणि भौतिकशास्त्र, या महिन्याच्या तीस तारखेला दहा वर्षांचे होत होते.

हे सगळं मला कळलं ते अठरा तारखेला. आईचा शिवलेला गाऊन द्यायला मी वर गेले. आई पलंगावर बसून माझ्या दुकानातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती. तो तिचा हल्लीचा उद्योग. दादा टेबलाशी निळ्या पुठ्ठ्याचं लॉगबुक उघडून बसला होता. वहिनी त्याच्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. एकच बशी ती बराच वेळ पुसत होती. मी लॉगबुकात डोकावले. सगळीकडे सह्या, आणि एका ओळीपुढे रिकामा चौकोन.

“हे काय? इथे सही राहिली की.”

“राहिली नाही,” दादा म्हणाला. “दिली नाही.”

“कुणी?”

त्यानं बशीकडे पाहिलं.

नोंद एकशे बारा. उजव्या मुख्य चाकाचा ब्रेक बदलणे. तारीख तीन वर्षांपूर्वीची. ‘चाकं आणि ब्रेक’ या भागात अशी तीन कामं हवीत, दादाची दोन सह्यांनिशी झालेली, आणि हे तिसरं. हा चौकोन भरला की अर्ज पुरा. नाही भरला तर तीस तारीख उलटणार आणि ते दोन पेपर शिळे होणार.

“मग ते दोन परत दे,” मी म्हटलं.

“सेहेचाळिसाव्या वर्षी? विशी-बाविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून गणित?” दादानं लॉगबुक मिटलं. “मी शपथ घेतलीय, त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही. तीस तारखेच्या आत झालं तर झालं. नाही तर राहिलं. एकवीस वर्षं चाललंय, निवृत्तीपर्यंत आणखी बारा चालेल.”

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला भडभडून आलं. आणि मला भडभडून आलं की पाठोपाठ राग येतो. मी वहिनीकडे वळले.

“वहिनी, का गं नाही करत सही?”

“मी त्या दिवशी हँगरमध्ये नव्हते.”

“मग कुठे होतीस?”

“आईंबरोबर दवाखान्यात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

आता बघा. म्हणजे आमच्याच आईसाठी ती रजेवर, त्यामुळे तिनं काम पाहिलं नाही, आणि त्याची शिक्षा कुणाला, तर दादाला. मी तिला हे सांगितलंही, जरा चढ्या आवाजात. ती म्हणाली, “मी पाहिलं नाही त्यावर मी सही करत नाही.” मी म्हटलं, “अगं, परका आहे का तो? नवऱ्यावर एवढा विश्वास नाही?” ती म्हणाली, “वन्सं, तो चौकोन विश्वासाचा नाही.” वहिनी मला ‘वन्सं’ म्हणाली की समजावं, बोलणं संपलं. एरवी ती मला ‘अगं ए’ म्हणते.

मी पाय आपटत खाली आले, आणि पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगायला मला आता लाज वाटते, पण सांगते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगितलं. मोठ्या आत्याला फोन केला, धाकट्या मावशीला केला. “एक सही गं, एक! हाताला काय लकवा मारतो का? पण नाही, हिचं नाक वर.” आत्या म्हणाली, तिला नवरा आपल्या बरोबरीला यायला नको असेल. मला ते एकदम पटलं. पटल्यावर मी ते वाक्य माझंच असल्यासारखं पुढे वापरलं.

पण चौथ्या दिवशी एका कोटाचं अस्तर उसवताना माझ्या मनात आलं, की वहिनी नव्हती, ठीक. पण कुणीतरी लायसन्सवाला असणारच ना त्या दिवशी. त्याशिवाय विमान बाहेर कसं सोडलं? मग त्याचीच सही का घेत नाही दादा?

मी सुई तिथेच टोचून ठेवली आणि वर गेले. दादा बूट पुसत होता.

“त्या दिवशी पाळीवर कोण होतं रे? वहिनीच्या जागी?”

“टॉर्चमामा.”

टॉर्चमामा म्हणजे त्यांच्या हँगरमधले सगळ्यांत जुने इंजिनिअर. भर दुपारीही त्यांच्या हातात टॉर्च असायचा, म्हणून हे नाव. मागच्या वर्षी निवृत्त झाले.

“मग त्यांच्याकडे जा की!”

“ते आता कुठे असतील कुणास ठाऊक.”

“निवृत्त माणसाची सही चालते का?”

“लायसन्सची मुदत आहे तोवर चालते.”

“त्यांची आहे?”

“असेल.” दादा बूट पुसतच होता. ते बूट कापडी होते.

इथे काहीतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं. ज्या माणसाचं सगळं एका सहीवर अडलंय, तो ती सही देऊ शकणाऱ्या एकुलत्या एका माणसाला शोधतही नाही? मी आणखी काही विचारायच्या आत तो बूट हातात घेऊन अनवाणीच जिना उतरून गेला.

टॉर्चमामांचा पत्ता मला शोधावा लागला नाही. निरोप समारंभाचा त्यांचा कोट मीच बेतून दिला होता, आणि माझ्या मापांच्या वहीत छाती, कंबर, बाही यांच्या खाली गिऱ्हाइकाचा पत्ता असतो. छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. चोवीस तारखेला दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या दारात उभी राहिले. दादाला सांगितलं नाही. सही घेऊन त्याच्यापुढे टाकायची आणि वहिनीचा चेहरा पाहायचा, असा माझा बेत होता. लॉगबुक मी पिशवीत घालून आणलं होतं, अर्थात न विचारता.

मामा एकटेच राहतात. खोली छोटी, पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. भिंतीवरच्या फळीवर हत्यारांच्या आकाराची चित्रं काढलेली आणि त्या चित्रांवर ती ती हत्यारं टांगलेली.

“हे कशाला?” मी दारातूनच विचारलं.

“एखादं हत्यार नसलं की त्याची रिकामी सावली दिसते. मग ते विमानात राहिलं का ते आधी शोधायचं. चाळीस वर्षांची सवय. आता चमचे पण तसेच लावतो.” त्यांनी खरंच स्वयंपाकाच्या ओट्याकडे बोट केलं. एका चमच्याची सावली रिकामी होती. “तो साखरेत आहे,” ते म्हणाले.

मला हा माणूस आवडला. मी लॉगबुक काढलं, एकशे बारावी नोंद उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी टॉर्च काढला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी त्यांनी टॉर्च मारून ती ओळ वाचली. मग लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं.

“मी यावर सही करणार नाही.”

“का? तुम्ही होतात ना?”

“होतो.”

“पाहिलंत ना?”

“सगळं पाहिलं. म्हणूनच.”

“म्हणजे?”

“ते तुझ्या भावाला विचार.”

“तो बूट घेऊन पळतो!”

मामा हसले. मग म्हणाले, “तुझी वहिनी आली होती. दहा-बारा दिवस झाले. तुझ्यासारखंच विचारलं, तुम्ही सही कराल का म्हणून. मी नाही म्हटलं. तिनं का म्हणूनही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, घरात कुणाला सांगू नका. त्याच्या तोंडून येऊ दे.”

वहिनी इथे आली होती? जिच्या नावानं मी गावभर डांगोरा पिटत होते, ती दादासाठी सही मागायला आली होती?

“मामा, काय झालं होतं त्या दिवशी?”

“मी शब्द दिलाय, तिच्या घरी सांगणार नाही.”

“हे कुठे तिचं घर आहे? हे तुमचं आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हत्यारांच्या फळीकडे. मग उठले, कपाटातून लांबट डायऱ्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक उघडून टेबलावर ठेवली, आणि म्हणाले, “मी काही सांगत नाही. मी चहा टाकतो. चहाला सात मिनिटं लागतात. तुला वाचता येतं ना?”

डायरी त्यांची स्वतःची होती. रोज केलेल्या कामाच्या चार ओळी. त्या तारखेला लिहिलं होतं: ‘उजवा ब्रेक बदलला. जुना काढणे, नवा चढवणे, बोल्ट आवळणे त्यानं केलं, बरोबर. लॉकवायर उलटी. काढायला लावली. पुन्हा उलटी. तिसऱ्यांदाही. हात थरथरत होता. आईचं ऑपरेशन आज, बायको तिकडे. त्याला दवाखान्यात पाठवलं. वायर, तेलातली हवा काढणं, गळती तपासणं मी केलं. कामाच्या कार्डावर माझं नाव.’

मी दोनदा वाचलं. “लॉकवायर म्हणजे?” मी आतल्या दिशेनं ओरडले.

“हे सांगायला हरकत नाही,” म्हणत मामा कप घेऊन आले. त्यांनी डब्यातून दोन मोठे बोल्ट आणि बारीक तारेचं रीळ काढलं. बोल्टच्या डोक्यांना आरपार भोकं होती. एकातून तार ओवायची, दोन्ही टोकं वेणीसारखी पिळायची, दुसऱ्यातून ओवायची. विमान थरथरतं, बोल्ट सैल व्हायला बघतात. वायर अशी हवी की एक बोल्ट सैल होऊ लागला तर त्याच ओढीनं दुसरा आणखी आवळला जावा.

“उलट्या बाजूनं ओवली की?”

“की ती दिसायला अगदी सुंदर दिसते आणि दोघांनाही सैल करायला मदत करते.”

मी तार हातात घेतली. दोरा पिळण्यात माझं आयुष्य गेलंय. पहिल्याच खेपेला मी वायर नेटकी पिळली, गाठ पण देखणी आली. मामांनी टॉर्च मारला.

“उलटी,” ते म्हणाले.

डोकं ठिकाणावर असताना माझी वायर उलटी झाली. दादाच्या डोक्यात तर त्या दिवशी आईचा डोळा होता. आणि मग मला ते आठवलं, आणि इतके दिवस आठवलं नाही याचं नवल वाटलं. त्या दिवशी दवाखान्यात मीही होते. दुपारी एकच्या सुमाराला दादा आला होता, कामाच्या कपड्यांत, बोटं काळी. नर्सनं त्याला हात धुवायला पिटाळलं होतं. मला वाटलं होतं, रजा काढून आला असेल.

“नव्वद टक्के काम त्याचंच हो,” मी मामांना म्हटलं. मला दादाची बाजू सोडवेना.

“पंच्याण्णव म्हण. पण चौकोन एकच असतो, टक्क्यांचा नसतो.” मामांनी चहाचा घोट घेतला. “हात वाईट नाही त्याचा. माझ्या हाताखालच्यांत सगळ्यांत चांगला. त्या दिवशी तो तिथे नव्हता, इतकंच. मी त्याच्यावर चिडलोही नव्हतो. मला वाटतं तीन वर्षांत त्याच्याच मनात ते काम पुरं झालं. होतं असं. आपण दार लावलं असं आपल्याला आठवतं, आणि दार उघडं असतं.”

“आता दुसरा ब्रेक नाही का बदलता येणार? तीस तारखेच्या आत?”

“झिजला तर बदलायचा. प्रत्येक ब्रेकला एक छोटी पिन असते, ब्रेक झिजेल तशी ती आत जाते. पार आत गेली की बदली. चांगला ब्रेक कुणाच्या लॉगबुकासाठी काढत नाहीत.” मग ते कपात बघत म्हणाले, “तुझी वहिनी रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी जाऊन हँगरमधल्या चारही विमानांच्या पिना मोजतेय. मला फोन करून आकडे सांगते. अजून एकही जवळ आलेली नाही.”

मी चहा पिऊन निघाले. बसमध्ये मला फक्त आत्याचं ते वाक्य ऐकू येत होतं. ते मी चौदा जणींना सांगितलं होतं. मी मोजल्या.

घरी येऊन मी लॉगबुक जागच्या जागी ठेवलं आणि गप्प बसले. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही. आईनं तर मला बरं नाही का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. पण ‘त्याच्या तोंडून येऊ दे’ हे वाक्य वहिनीचं होतं, आणि तिचं आधीच मी इतकं काही बिघडवलं होतं की हे तरी राखायचं होतं. पंचवीस गेली, सव्वीस, सत्तावीस. दादा दिवसेंदिवस चिडका होत गेला. वहिनी सकाळी पाऊण तास लवकर निघत राहिली. “हिला घरात राहावत नाही,” दादा म्हणाला. मी तोंड उघडलं आणि त्यात बिस्किट कोंबलं.

अठ्ठावीसला रविवार होता. सकाळी आम्ही चौघं वरच्या टेबलाशी. दादानं लॉगबुक आणलं, वहिनीच्या बशीशेजारी ठेवलं, वर पेन ठेवलं.

“शेवटचं विचारतो,” तो म्हणाला. “उद्या अर्ज द्यायला हवा. काम मी केलंय. चार तास त्या चाकाखाली होतो मी. तू एक सही करणार आहेस की नाही?”

वहिनी नेहमीचंच म्हणाली, “मी पाहिलं नाही.”

“पाहिलं नाही, पाहिलं नाही! आईच्या समोर सांग, माझ्यावर विश्वास नाही म्हणून!”

आईनं बटणं खाली ठेवली. आणि वहिनी अजूनही गप्प. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. मामांच्या नकाराचं, काहीही. ती टेबलावरच्या पेनाकडे बघत बसली होती. ते मला सहन होईना. मी सांगणार नव्हते. पण विचारायला मला कुणी मना केलं नव्हतं, आणि विचारणं हे तर माझं खातंच.

“दादा,” मी म्हटलं, “आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तू दवाखान्यात किती वाजता आलास रे?”

“आता हे कशाला?”

“आठवत नाही म्हणून विचारते. नर्सनं तुला हात धुवायला पाठवलं होतं बघ.”

“एक वाजला असेल.”

“आणि ब्रेक किती वाजता पुरा झाला?”

तो उत्तर द्यायला गेला. मला वाटलं आता तो माझ्यावर ओरडणार. मी तयारच होते. तो ओरडला नाही. त्यानं लॉगबुक ओढून घेतलं, एकशे बारावी नोंद काढली आणि तारखेवर बोट ठेवून बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

“वायर,” तो शेवटी म्हणाला. “मामांनी तीनदा काढायला लावली.” मग म्हणाला, “मला खरंच वाटत होतं की मीच पुरं केलं. म्हणजे... वाटत होतं, आणि मामांकडे जायचं धाडसही होत नव्हतं. दोन्ही एकदमच.”

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानं पेन उचललं. मला वाटलं पानच फाडतो की काय, पण तसं करत नाहीत म्हणे. खोडायचं तर एकच सरळ रेघ मारायची, खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. त्यानं आईच्या बटणांच्या डब्याचं झाकण पट्टीसारखं धरून रेघ मारली. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: ‘काम माझ्याकडून पूर्ण झालेलं नाही.’ तारीख घातली, सही केली. मग लॉगबुक वहिनीकडे फिरवलं.

“खोडलेल्या नोंदीवर साक्षीची सही लागते,” तो म्हणाला. “हे तर पाहिलंस ना?”

“हे पाहिलं,” वहिनी म्हणाली, आणि तिनं त्या चौकोनात सही केली.

“तुला कधीपासून माहीत होतं?” दादानं विचारलं.

“दुसऱ्या दिवसापासून. कार्डावर मामांचं नाव होतं.”

“तीन वर्षं? मग बोलली का नाहीस कधी?”

वहिनीनं पेनाला टोपण लावलं. “तू इथे लिहीपर्यंत त्यात बोलण्यासारखं काय होतं? आईसाठी माझा नवरा अर्ध्यात काम सोडून, तसाच काळ्या हातांनी पळत आला. एवढंच होतं. मला ते आवडलं होतं.”

दादानं मान खाली घातली. मी तर सरळ रडायलाच लागले. माझं रडणं काही देखणं नसतं, नाकापासून सुरू होतं. मग मी वहिनीला सगळं सांगून टाकलं. आत्या, मावशी, चौदा गिऱ्हाइकं. तिला त्यातलं बरंचसं माहीत होतं. आत्यानं तिलाही फोन केला होता.

“त्या चौदा जणींना परत सांगशील?” तिनं विचारलं.

“आजच सांगते.”

“सावकाश सांग. आणि मामांकडचं काही सांगू नकोस. फक्त एवढंच सांग, की तुला माहीत नव्हतं.”

तीस तारीख आली आणि गेली. दादाचे गणित आणि भौतिकशास्त्र शिळे झाले. त्या रात्री तो फार लवकर झोपला, आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलला नाही. शपथेबद्दल मीही काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी वर गेले तेव्हा टेबलावर गणिताचं पुस्तक होतं आणि वहिनी त्याला उदाहरण घालत होती. नऊ महिन्यांनी तिसरा पेपर शिळा होणार आहे, त्याच्या आत हे दोन निघायला हवेत आणि कुठलातरी एक ब्रेक झिजायला हवा.

“सकाळी किती भरली पिन?” मी वहिनीला विचारलं.

“अजून चार मिलिमीटर,” दादा म्हणाला. “मीच मोजली. हिनं पाहिलं.”